गाडी एका बाजूला ओढते: अलाइनमेंटच्या आधी काय काय तपासायचं

गाडी एका बाजूला ओढायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘अलाइनमेंट करून घे’. पैसे दिले जातात, स्टिअरिंग सरळ होतं आणि दोन दिवसांनी लक्षात येतं की गाडी अजून तशीच ओढते आहे. यात नवल काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये अलाइनमेंटच्या यंत्रावर पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो, म्हणजे वरून पाहिलं असता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत तो कोन. हा टो चुकला तर टायर झिजतात आणि स्टिअरिंग वाकडं राहतं, पण सरळ रस्त्यावर गाडी ओढण्याचं कारण तो क्वचितच असतो. खरी कारणं टायरमध्ये, ब्रेकमध्ये, लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरात, दडलेली असतात, आणि त्यातली निम्मी तरी कुणीही घरच्या घरी शोधू शकतो. मात्र क्रम सोडायचा नाही. स्वस्त आणि सोपं आधी, यंत्र सगळ्यांत शेवटी.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

‘गाडी ओढते’ या दोन शब्दांखाली तीन वेगळ्या तक्रारी येतात. पहिली: स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी हळूहळू एकाच बाजूला जाते. हे खरं ओढणं. दुसरी: गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग घड्याळातल्या अकरावर किंवा एकवर वळलेलं दिसतं. हे टोचं किंवा मागच्या चाकांच्या दिशेचं काम, त्यासाठी खुशाल अलाइनमेंटला जा. तिसरी: गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि सतत सावरावी लागते. इथे हवा फार कमी आहे किंवा कुठल्यातरी सांध्यात प्ले, म्हणजे सैलपणा, आला आहे.

पहिली तक्रार असेल तर पुढचा प्रश्न: केव्हा ओढते? एका वेगात चालताना कायम, ब्रेक दाबल्यावरच, अॅक्सिलरेटर दाबल्यावरच, की वळण घेऊन झाल्यावर थोडा वेळ? या चार उत्तरांच्या वाटा चार आहेत. गॅरेजमध्ये जाण्याआधी हे उत्तर तयार असलं तर मिस्त्रीचा अर्धा वेळ आणि तुमचे बरेच पैसे वाचतात.

एक अपवाद. चालत्या गाडीने एकाएकी एका बाजूला झुकायला सुरुवात केली, तर ती तपासण्या करायची वेळ नव्हे. बहुधा टायरमधली हवा जाते आहे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, जोरात ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि इंडिकेटर देऊन कडेला थांबा.

रस्ता निर्दोष आहे ना?

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता बांधलेला असतो. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण २ ते २.५ टक्के असतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या एका लेनमध्येच ७ ते ९ सेंटीमीटरचा फरक. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा हात सैल सोडला की हळूहळू डावीकडे जाते. दुभाजक असलेल्या महामार्गावरही एका बाजूचा सगळा रस्ता बहुधा डावीकडेच उतरता असतो. लेन बदलून हा परिणाम जात नाही.

चाचणीसाठी एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशीचा रुंद, सरळ, रिकामा रस्ता किंवा मोठं सपाट मैदान चांगलं. उतार आहे की नाही हे पाहायला बाटलीतलं पाणी जमिनीवर ओता. ते कुठे पळतं ते दिसेल. वारा नसावा. गाडीत तुम्ही आणि फार तर आणखी एक जण. वेग ५० ते ६०. स्टिअरिंग सोडून देऊ नका. तळवे रिमच्या अगदी जवळ ठेवून फक्त पकड ढिली करा. ताशी ६० च्या वेगाने सहा सेकंदांत गाडी १०० मीटर जाते. सपाट जागेवर एवढ्या अंतरात ती मीटरभरापेक्षा कमी सरकली तर तिच्यात दोष धरू नये, असा आमचा ढोबळ ठोकताळा. मग त्याच रस्त्यावर उलट दिशेने या. दिशा उलटल्यावर ओढ बदलली, तर दोष रस्त्याचा किंवा वाऱ्याचा. दोन्ही वेळा गाडी चालकाच्या त्याच हाताला गेली, तर गाडीचा. डावीकडे उतरत्या रस्त्यावर गाडी उजवीकडे जात असेल, तर वेगळ्या चाचणीची गरजच नाही; दोष गाडीत आहे आणि चांगलाच आहे.

समृद्धीसारख्या लांबलचक सरळ रस्त्यावर थोडीशी ओढसुद्धा तास-दोन तासांत खांदे दुखवते. पण तपासणी तिथे करू नका. तिथला वेग आणि मागून येणारी वाहनं पाहता ते धोक्याचं आहे.

हवा

गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, कारण ते चाक दबून जास्त घासतं. पुढच्या दोन चाकांत ३-४ पीएसआयचा फरक पडला तरी हाताला जाणवतो. योग्य आकडा टायरवर शोधू नका. तिथे लिहिलेला असतो तो कमाल दाब. चालकाच्या दाराच्या चौकटीत किंवा दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे, कमी आणि पूर्ण भाराचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. बहुतेक हॅचबॅकना ३० ते ३६ च्या दरम्यानचा आकडा असतो.

हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली असताना. तापलेल्या टायरमध्ये आकडा ३-४ ने वाढलेला दिसतो, आणि तो पाहून हवा काढली की थंड झाल्यावर कमी पडते. पेट्रोल पंपावरच्या गेजवर फार विसंबू नका. साधं स्वतःचं गेज ठेवा, आणि चारही चाकं त्याच गेजने मोजा. गेज एखाद्या आकड्याने चुकत असलं तरी चारही चाकांना सारखंच चुकेल, आणि इथे आपल्याला डाव्या-उजव्यातला फरक हवा आहे.

पुढे स्टेपनी लावलेली आहे का, तेही पाहा. अलॉय चाकांच्या अनेक गाड्यांत स्टेपनी लोखंडी आणि लहान मापाची असते. ती पुढे लावली की गाडी ओढणारच. अशा स्टेपनीवर बहुधा ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते आणि ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती आहे.

टायर: सगळ्यांत दुर्लक्षित कारण

हवा बरोबर करूनही गाडी ओढते, तर पहिला संशय टायरवर घ्या. ते नवे असले तरीही. किंबहुना नवे टायर टाकल्यानंतर ओढ सुरू झाली असेल तर आधी टायरच पाहा.

टायरच्या आत तारांचे पट्टे असतात. तयार होताना ते मधोमध न बसता किंचित एका बाजूला सरकले, तर टायरची एक कड दुसरीपेक्षा ताठ होते. डोळ्यांना काही दिसत नाही, बॅलन्सिंगच्या यंत्रावरही कळत नाही. पण तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता पेला फरशीवर घरंगळवला तर तो जसा सरळ न जाता वळतो, तसा हा टायर गाडीला एका बाजूला नेतो. याला कोनिसिटी म्हणतात. अलाइनमेंटचे सगळे आकडे हिरवे येऊनही गाडी ओढत राहते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

ओळखायची रीत एकच आणि खात्रीची: पुढची दोन चाकं आपसात बदला. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर एका जॅकवर हे होतं. सपाट, कठीण जमीन, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, मग जॅक दाराखालच्या ठरलेल्या खाचेत लावायचा. डावं चाक काढून स्टेपनी लावा, गाडी उतरवा. उजवीकडे जाऊन उजवं चाक काढा, तिथे डावं लावा, उतरवा. पुन्हा डावीकडे येऊन स्टेपनी काढा आणि उजवं चाक लावा. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. नट एका पाठोपाठ एक नव्हे तर समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांना ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासा.

टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो डावी-उजवीकडे बदलता येत नाही. तिथे त्याच बाजूची पुढची-मागची चाकं बदला, एका वेळी एकच बाजू.

आता तोच रस्ता, तोच वेग. ओढ उलटी झाली तर दोष टायरचा. ओढ गायब झाली तर तिचा काही वाटा टायरचा आणि जवळपास तेवढाच दुसऱ्या कशाचा होता. योगायोगाने आता दोन्ही एकमेकांना खोडून काढताहेत. ओढ जशीच्या तशी राहिली तर पुढचे टायर सुटले, पुढे चला. टायर दोषी ठरला तर पुढची जोडी मागे टाका. मागच्या चाकांवर हा दोष फारसा जाणवत नाही. टायर नवा असेल तर विक्रेत्याकडे चाचणी करून दाखवा आणि वॉरंटीत बदलून मागा.

चाकं काढलेलीच आहेत तर नक्षीही नीट पाहा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे, मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहिलं असता चाक आत किंवा बाहेर किती कललं आहे तो कोन) किंवा टो. तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे. झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते, म्हणून हात सावकाश. एका आसावर डावा-उजवा टायर वेगळ्या कंपनीचा किंवा वेगळ्या झिजेचा ठेवू नका.

ब्रेक

इथे नवशिके नेमके उलटे फसतात. ब्रेक न दाबता गाडी ओढत असेल आणि कारण ब्रेकच असेल, तर ज्या बाजूला गाडी जाते त्या बाजूचा ब्रेक अडकून राहिला आहे. पण फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर ज्या बाजूला जाते ती बाजू बहुधा ठीक आहे आणि विरुद्ध बाजूचा ब्रेक लागत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे जाते म्हणून डावं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदललं जातं आणि जॅम झालेलं उजवं तसंच राहतं, हे गॅरेजमध्ये वारंवार घडतं.

अडकलेला ब्रेक शोधायला आठ-दहा किलोमीटर जमेल तितके कमी ब्रेक वापरून चालवा आणि शेवटी गाडी आपोआप हळू होऊ देऊन थांबवा. तळहात चाकाजवळ न्या, लावू नका. एका चाकातून येणारी धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल, जळका वास येत असेल, रिमवर काळी भुकटी जास्त असेल, तर सापडलं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. दोन्ही पुढच्या डिस्कवर त्याच जागी धरा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, डिस्क वाकते.

अडकण्याची कारणं तीन. कॅलिपर ज्यावर सरकतं त्या पिनांचं ग्रीस सुकून गंज चढतो. पिस्टन गंजून परत येत नाही; ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल पिस्टनला आतून खातं. किंवा रबरी ब्रेक पाइप आतून फुगतो. ऑइल दाबाने आत जातं पण परत येत नाही. तिन्ही वेगळे ओळखायची गॅरेजमधली रीत सोपी आहे. चाक उचलून जॅम असताना कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचं छोटं तोंड) किंचित उघडायचा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलेला होता, म्हणजे पाइपवर संशय. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिना. मिस्त्री हे न करताच अख्खं कॅलिपर बदला म्हणाला तर एवढी चाचणी आधी करायला सांगा. पिनाच अडकल्या असतील तर साफ करून ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस लावलं की काम भागतं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबरी बूट फुगतात.

कोकणात, समुद्राजवळ, पावसाळ्यात आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मागचे ड्रम ब्रेकही अडकतात. हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि आतले शू (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटतात. अशी गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकाला ठोकळा लावून ठेवावी, हँडब्रेक ओढू नये.

ब्रेक दाबल्यावरच ओढणाऱ्या गाडीत विरुद्ध बाजूचे पॅड पाहा: त्यांवर ऑइल किंवा ग्रीस पडलेलं, पॅड काचेसारखे चकचकीत झालेले, पिस्टन पुढे न येणारा. ऑइल प्यायलेले पॅड धुऊन वापरायचे नसतात. दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे.

खड्ड्यांनंतरची गाडी

मोठा खड्डा किंवा दुभाजकाची कड बसल्यावर ओढ सुरू झाली असेल तर मोजपट्टी घ्या. पुढची चाकं सरळ करा आणि डावीकडच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर मोजा, मग उजवीकडचं. सेंटीमीटरभर किंवा जास्त फरक आला तर एका बाजूचा लोअर आर्म वाकला आहे, त्याचं बुश फाटलं आहे किंवा सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेले असतात तो खालचा सांगाडा) सरकली आहे. चाक मागे ढकललं गेलं की त्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो बाजूने पाहिलं असता मागे किती कलला आहे तो कोन) कमी होतो, आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. आकडा हाती आला की मिस्त्रीशी वाद राहत नाही.

चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही दोन्हीकडे मोजा. एक बाजू दीड-दोन सेंटीमीटर खाली असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे.

मग प्ले. चाक उचलून वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा: खटखट झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा). तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा: टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) शेवटचा सांधा. लोअर आर्मचं मागचं बुश असं हाताने कळत नाही. त्याची खूण रस्त्यावर मिळते. अॅक्सिलरेटर दिला की गाडी एका बाजूला, पाय काढला की दुसऱ्या बाजूला, आणि ब्रेक मारताना एक ठक असा आवाज. जास्त टॉर्कच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह डिझेल गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोरात पळवल्यावर थोड्या ओढतात. तो बनावटीचा गुण आहे, पण आधी नव्हता आणि आता सुरू झाला तर बुश आणि इंजिन माउंटिंग पाहा.

बुश किंवा लोअर आर्म बदलताना एक गोष्ट आवर्जून सांगा: त्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं. नवं बुश लवकर फाटतं, आणि कधी कधी तेच ओढीचं नवं कारण होतं.

वळणानंतर ओढणारी गाडी

उजवीकडे वळून सरळ केल्यावर थोडा वेळ उजवीकडे जाते, डावीकडे वळल्यावर डावीकडे. म्हणजे काहीतरी मोकळं होत नाही: शॉकअपच्या वरचं बेअरिंग, घट्ट झालेला बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंग कॉलमचा गंजलेला सांधा. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाशी बोटं ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून मग झटक्यात फिरत असेल तर वरचं बेअरिंग गेलं.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत सेन्सरचा मध्य सरकला की मोटर स्वतःच एका बाजूला जोर लावते. हे पाहायला गॅरेजमध्ये दोन्ही पुढची चाकं स्टँडवर उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करायचं. कुणी हात न लावता स्टिअरिंग एका बाजूला फिरायला लागलं तर स्कॅनरने सेन्सर पुन्हा मध्यावर बसवावा लागतो. बॅटरी काढल्यावर किंवा स्टिअरिंगचं काम झाल्यावर ओढ सुरू झाली असेल तर हे लवकर तपासा.

आता अलाइनमेंट

इथवर काही सापडलं नाही, किंवा सापडलेलं दुरुस्त झालं, की मग यंत्र. हवा योग्य, डिकीतलं सामान बाहेर. सेन्सर चारही चाकांना लागले पाहिजेत, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या पिना काढलेल्या पाहिजेत, आणि कॅस्टर मोजायला चाकं दोन्ही बाजूंना वळवली पाहिजेत. हे वळवणं घाईत टाळलं जातं आणि नेमका ओढीशी संबंधित आकडा कागदावर येतच नाही.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट घ्या. टोचे आकडे नंतर पाहा. आधी डाव्या-उजव्या कॅम्बरमधला आणि कॅस्टरमधला फरक पाहा. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन आहे (चाकाचा वरचा भाग जास्त बाहेर कलला आहे) तिकडे ओढते, आणि कॅस्टर कमी आहे तिकडे. फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल तर ओढ जाणवते. प्रत्येक आकडा हिरवा असूनही हे घडू शकतं, कारण डावा मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असू शकतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर बदलायची सोयच नसते. तो चुकला असेल तर काहीतरी वाकलं आहे, आणि तो भाग बदलून पुन्हा मोजायचं. कॅम्बर काही गाड्यांत शॉकअपच्या खालच्या बोल्टच्या सैलपणातून थोडा बदलता येतो. लोअर आर्म किंवा शॉकअप दोरखंड, जॅक लावून ओढून ‘सरळ’ करायची तयारी कुणी दाखवली तर नकार द्या. एकदा वाकलेलं लोखंड पुढच्या खड्ड्यात दगा देतं. मागच्या चाकांचा टो चुकला असेल तर गाडीचं अंग तिरपं ठेवून ती सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. त्यावर पुढचे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ दिसेल इतपत केलं जातं. मागचा आकडा प्रिंटवर लाल असेल तर तो मागे दुरुस्त करून घ्या. टाय रॉडही दोन्ही बाजूंचे सारखे फिरवायला सांगा. एकच फिरवला की डावं आणि उजवं वळण सारखं राहत नाही.